नदीकाठची बाग आणि सोबतीला भुभू: तुमचे अनुभव लिहा

रानजाई
आज सकाळी नदीकाठच्या बागेत बाकावर बसले होते. कुणाचं तरी काळंभोर कुत्रं पाण्यातून धावत आलं, माझ्यापुढे उभं राहिलं आणि नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत असं काही अंग झटकलं की मी निम्मी भिजले. त्याची ताई बिचारी सॉरी सॉरी म्हणत होती आणि मी नुसती तो वास घेत बसले. ओल्या कुत्र्याचा वास! आमची मंजी जाऊन बरीच वर्षं झाली, पण डोळे भरून आले.

मंजी रस्त्यावरचं पिल्लू, जन्मभर घाबरट. हॉर्न वाजला, छत्री उघडली, स्टूल सरकलं की पलंगाखाली. तिची शेपूट वर दिसायची ती फक्त नदीकाठी. बाग काही नटवलेली नव्हती. गवताची लांब पट्टी, थोडी झाडं, पाण्याकडे उतरणारी पायवाट, आणि माणसं अगदी तुरळक. तिथे पट्टा सैल सोडायचा आणि ती नेईल तिकडे जायचं, असा आमचा नियम. गवताचं एकच पातं ती बुडापासून शेंड्यापर्यंत हुंगायची. वाकून जवळून पाहिलं की तिच्या नाकपुड्यांच्या कडेच्या फटी थरथरताना दिसायच्या. कुत्री सोडलेला श्वास त्या फटींतून बाजूला टाकतात, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही, हे मला नंतर कळलं. तिचं ते वाचन चालू असताना मी नदी बघायचे. इतकं शांत मला एरवी कुठेच वाटलेलं नाही.

तुम्ही जाता का असं कुठे? तुमच्या लेकरांचे किस्से लिहा ना. मला आज वाचायचे आहेत.

अर्धविराम
मंजी <३
आमचा ढोल्या पाण्याला हात, सॉरी पाय लावत नाही. काठावर बसून बदकांशी भांडतो फक्त. बदकं ढुंकून बघत नाहीत, तरी रोज तोच उत्साह.

ओलीमाती
अगदी अगदी!! तो वास!! गाडीत आठवडाभर राहतो
बाकी सविस्तर नंतर लिहिते, मशीन थांबलंय, कपडे वाळत घालायचेत

शेपूटवाला_डॉक्टर
धागा आवडला. पशुवैद्य आहे, म्हणून राहवत नाही. तो वास पाण्याचा नसतो. केसांत राहणारे यीस्ट आणि जिवाणू जी द्रव्यं तयार करतात, ती पाण्याच्या वाफेबरोबर हवेत उडतात. कोरड्या कुत्र्यातही ती असतातच, फक्त आपल्यापर्यंत एवढी पोचत नाहीत.

आणि रानजाईताई, हुंगू देत होतात ते फार छान. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी 20 ते 30 कोटी धरतात, आपल्या 50-60 लाखांच्या आसपास. त्याला ओढत चालवणं म्हणजे पुस्तक हातात दिल्याबरोबर पान उलटणं.

साधीसुधी
माझ्याकडे कुत्रा नाही. मी दुसऱ्यांच्या कुत्र्यांना भेटायला जाते 😊 बागेतल्या सगळ्या भुभूंची नावं पाठ आहेत, मालकांची एकाचंही माहीत नाही. 'शेरूची आई', 'टफीचे बाबा' एवढीच ओळख. शेरूची आई मध्यंतरी दिसेना, मग टफीच्या बाबांना विचारलं, त्यांनी ब्राउनीच्या आजीला विचारलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मग शेरूला आळीपाळीने आम्ही फिरवून आणायचो. तो पायवाटेच्या पहिल्या वळणावर थांबून मागे बघायचा, आई येतेय का. रोज. आता ती काठी टेकत येते, आणि एवढा ओढाळ शेरू तिच्या चालीने चालतो. कुणी शिकवलं त्याला?

अर्धविराम
@साधीसुधी रडवणार का आता

चारपायी
शेपटीचा किस्सा सांगतो. आमची लॅब्राडोर, रंभा. गार पाण्यात मनसोक्त पोहली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठली तर शेपूट लोंबतेय. बुडाशी दोन-तीन बोटं सरळ आणि पुढे एकदम खाली, तुटल्यासारखी. बसताना कण्हत होती. घरात रडारड. धाकटीने शाळेत जायला नकार दिला. व्हेटने चाचपून पाहिलं आणि हसलेच. म्हणाले, मोडलेली नाही, दमलीय. गार पाण्यात खूप पोहलं की शेपटीच्या बुडाचे स्नायू दुखावतात, शिकारी आणि पोहणाऱ्या जातींत दिसतं हे. दुखणं कमी करायचं औषध आणि विश्रांती. काही दिवसांत शेपटीने टीपॉयवरच्या वस्तू खाली पाडणं पूर्ववत सुरू.

माणसांचं औषध मात्र मनाने देऊ नका हां. आपल्या साध्या वेदनाशामक गोळ्यासुद्धा त्यांना घातक ठरू शकतात.

कावळेदादा
सगळे मालक इथे आहेत म्हणून लिहितो. मला कुत्र्यांची भीती वाटते. लहानपणी चावा घेतलाय, मांडीवर खूण आहे अजून. मलाही नदीकाठ आवडतो. आणि लांबून एक मोकळा कुत्रा पळत येतो, मागून आवाज येतो, "तो काही करत नाही होऽऽ!" काका, तो काही करत नसेल, पण माझ्या छातीत काय होतं ते मला माहीत. वाट अरुंद, एका बाजूला पाणी, मी जाऊ कुठे? पट्टा धरा एवढंच मागणं आहे.

रानजाई
@कावळेदादा बरं झालं लिहिलंत. बाग तुमचीही आहे. मंजी घाबरट होती, तिच्याही अंगावर असेच मोकळे कुत्रे यायचे आणि मागून हेच वाक्य. भिणाऱ्या कुत्र्यालाही तेवढाच त्रास होतो.

निवांत_पाटी
+१ कावळेदादा. आम्ही लांब दोरी वापरतो, दहा मीटरची. कुत्र्याला मोकळं वाटतं, आपल्या हातात राहतं. छातीपट्ट्याला अडकवायची, गळ्याच्या पट्ट्याला नाही, नाहीतर पळता पळता दोरी संपली की मानेला हिसका बसतो. हाताला गुंडाळून घेऊ नका. पाण्याजवळ गेलात की आखडती घ्या.

आणि पिशव्या न्या रे बाबांनो. शी नदीकाठी पडली तर पहिल्या पावसात पाण्यातच जाते.

शेवंती७
पाण्याजवळच कशाला, टिटव्यांच्या दिवसांतही आखडतीच बरी. काठाच्या खडीत उघड्यावर अंडी असतात, बहुतेक चार, दगडासारखीच ठिपकेदार, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. आमचा गोट्या खडीकडे वळला रे वळला की दोघं नवराबायको डोक्यावर घिरट्या घालून एवढा कल्ला करतात!! सूर मारून अगदी कानाजवळून जातात. आम्ही त्या दिवसांत वरच्या वाटेने फिरतो. गोट्या खट्टू असतो, पण आईबापांचं काळीज आहे ते

ओलीमाती
आले. कपडे झाले.
आमचा पपी (नाव पपी, वय म्हातारं) दोन्ही डोळ्यांनी आंधळा आहे. मोतीबिंदू. घरात फर्निचर हलवलं की धडकतो. नदीकाठी मात्र त्याला सगळं कळतं. वारा पाण्याकडून आला की तोंड वर करतो, ओठ किंचित हलतात, जणू चव घेतोय. पुलाच्या अलीकडे चिंचोळ्या जागी मी "पायरी" म्हणते, तो पाय उचलून चाचपतो. ओळखीच्या झाडापर्यंत बरोबर नेतो मला. लोक "बिचारा" म्हणतात. बिचारा काय! सगळ्यात रुबाबात तोच चालतो तिथे.

चारपायी
@ओलीमाती पपीला कान खाजवून द्या माझ्याकडून

नवीनच_आलेय
पहिल्यांदाच पिल्लू आणलंय, चार महिन्यांचं. नदीकडे नेऊ का? पोहता येतंच ना कुत्र्यांना उपजत?

शेपूटवाला_डॉक्टर
@नवीनच_आलेय अभिनंदन! पाय सगळेच मारतात, तरंगणं सगळ्यांना जमत नाही. बुलडॉग, पग यांसारखी चपट्या नाकाची, आखूड पायांची कुत्री पटकन बुडतात. त्यांना लाइफ जॅकेट हवंच. आधी लसीकरण पूर्ण होऊ दे.

लेप्टोची लस विसरू नका. उंदरांच्या लघवीतून हा जंतू साचलेल्या पाण्यात, चिखलात येतो आणि जखमेतून किंवा तोंडा-डोळ्यांच्या ओल्या त्वचेतून शरीरात शिरतो. सुरुवातीला दोन डोस, मग दरवर्षी. माणसालाही होतो. नदीवरून आल्यावर ताप, उलट्या, मलूलपणा, डोळे पिवळे दिसले तर वाट बघू नका.

संथ पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली तर त्या दिवशी पाण्यापासून लांबच. ते नील-हरित शेवाळ असू शकतं. काही प्रकार इतके विषारी असतात की कुत्रं काही तासांत जाऊ शकतं. अंगाला लागलं तर त्याने चाटायच्या आत स्वच्छ पाण्याने धुवा आणि व्हेटला फोन करा.

आणि कुत्रं प्रवाहात ओढलं गेलं तर मागे उडी मारू नका. काठाने खालच्या अंगाला पळा, हाका मारत राहा. बरेचदा ते पुढे कुठेतरी बाहेर येतं आणि माणूस अडकतो.

नवीनच_आलेय
बाप रे. धन्यवाद डॉक्टर. स्क्रीनशॉट काढून ठेवला
त्याला लाल चेंडू घेतलाय, गवतात समोर पडला तरी सापडत नाही, मठ्ठ आहे का तो?

शेवंती७
मठ्ठ कशाला गं, लाल आणि हिरवं त्यांना जवळपास सारखंच दिसतं. निळा घे. गोट्याला निळा दिला आणि एकदम हुशार झाला!

अर्धविराम
म्हणजे ढोल्या इतकी वर्षं माझ्याशी खेळत नव्हता, हा शोधच चालू होता 😂 उद्याच निळा आणतो

कावळेदादा
पट्टा बांधलेला असेल तर पपीला लांबून बघायला आवडेल मला.

ओलीमाती
@कावळेदादा या ना. त्याला दिसत नाही, त्यामुळे तो पळत येणार नाही. तुम्ही म्हणाल तिथे थांबू आम्ही.
@डॉक्टर, पपीचे कान लोंबते आहेत, ओले राहिले की वास येतो. कापसाने पुसू का?

शेपूटवाला_डॉक्टर
मऊ फडकं बोटाला गुंडाळा आणि दिसतं तेवढंच पुसा. आत खोल काही घालू नका, इअरबड तर अजिबात नाही. डोकं सारखं झटकत असेल किंवा वास जात नसेल तर कान दाखवून घ्या.