रविवार सकाळ: संडे स्कूल, क्रिकेट आणि मी

मोठा पाचवीत, धाकटी सिनियर केजीत. मी आमच्या चर्चमध्ये संडे स्कूल (रविवारी मुलांना बायबल शिकवायचा वर्ग) घेते, आता मोठ्याची क्रिकेट प्रॅक्टिस बरोब्बर रविवारी ८ ते १० आणि त्यात स्कॉलरशिपचा एक्स्ट्रा क्लास पण, नवरा म्हणतो एक काहीतरी सोड, पण नाताळच्या नाटकाची तयारी तोंडावर आलीये, मेंढपाळांचे झगे अजून शिवायचेत 😭 तुम्ही कसं जमवता?

वसईची मावशी: अगं आमच्याकडे कॅथलिक लोकांत कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिक्षणाचा वर्ग, चुकवून चालत नाही, पहिल्या कम्युनियनची (चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसादाची भाकर घेण्याच्या विधीची) तयारी असते ना. आम्ही सरळ कोचला बॅच बदलून मागितली, शनिवारची मिळाली. विचारून तर बघ!

नगरी आई: झगे कशाला शिवतेस, जुन्या चादरी कापून दोरी बांध, झाला मेंढपाळ 😄 आणि दर रविवारी तूच का? आम्ही चार जणी पाळी लावतो, महिन्यात एकच रविवार येतो. पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) सांग स्पष्ट.

जुना शिक्षक: गंमत म्हणजे इंग्लंडात १७८० मध्ये रॉबर्ट रेक्सने ग्लॉस्टरला या संडे स्कूल शाळा चालवल्या तेव्हा रविवार यासाठीच, की बाकी दिवस पोरं कामावर असायची. आपली पोरं क्लासला असतात, एवढाच फरक.

प्रश्नकर्ती: 😂 चादरींची आयडिया घेतली. कोचला उद्याच फोन करते, पाळीचं मात्र पाळकबाईंशीच (त्यांच्या बायकोशी) बोलते, साहेब लगेच हो म्हणतात नि विसरतात.