व्यसन त्याचं, बिल आमचं? 'करदाता' यांच्या पोस्टला उत्तर

सिस्टर_कसबा बावडा

काल 'करदाता' यांनी इथं लिहिलं की दारू पिणारे, गुटखा-मावा खाणारे, हेल्मेट न घालणारे आणि तांबडा-पांढरा रस्सा ओरपून शुगर वाढवलेले, या सगळ्यांना महात्मा फुले योजनेतून, म्हणजे राज्याच्या मोफत उपचारांच्या योजनेतून, वगळा. ज्यानं रोग हातानं ओढवून घेतला त्यानं स्वतःच्या खिशातून भरावं. खाली 'अगदी बरोबर'ची रांग लागली. ती वाचून झोप लागेना, म्हणून लिहिते आहे.

माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली. इचलकरंजीत कापडाच्या यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी असते. रात्री डोळा लागला की धागा तुटतो, कापड बिघडतं, मजुरीतून पैसे कापले जातात. पोरगं मिसरूड फुटायच्या आधी तंबाखूची चिमूट धरतं ते जागं राहण्यासाठी. पुढं मावा, मग पुडी. पस्तिशीत आमच्याकडं येतो तेव्हा तोंड उघडत नाही. दोन बोटंही आत जात नाहीत, भाकरी दुधात कुस्करून गिळतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. बंदी असलेली पुडी टपरीवर मिळते याची जबाबदारी कुणाचीच नाही आणि खाणाऱ्याची मात्र पूर्ण, हा कुठला न्याय?

दुसरं, हे ठरवणार कोण? दवाखान्यात योजनेचे कागद बघणारा आरोग्यमित्र? केसपेपरच्या खिडकीवरचा क्लार्क? 'पितो' म्हटल्यावर योजना बंद होणार असेल तर कुणीही 'पीत नाही' असंच सांगणार. आणि रोज पिणाऱ्यानं ते लपवलं की ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत हात थरथरायला लागतात, भास होतात, सलाईन उपसून माणूस कॉटवरून उतरतो. हे आधी माहीत असलं तर सांभाळता येतं. पेशंटनं आमच्याशी खरं बोलावं यासाठी आम्ही जिवाचा आटापिटा करतो आणि तुम्ही त्याला खोटं बोलायला लावणारा नियम मागताय.

करदाता_राजारामपुरी

सिस्टर, तुमच्या सेवेबद्दल आदर आहे. पण तुम्ही मागावरचा पोरगा पुढं केलात. मी माझ्या चुलतभावाबद्दल बोलतोय. चांगली नोकरी, बायको गुणी, कशाची कमतरता नाही. लिव्हर खराब झालं, उपचार झाले, घरी आला आणि महिन्याच्या आत पुन्हा बाटली. पुन्हा अॅडमिट. वहिनीनं मंगळसूत्र गहाण टाकलं. त्याला कुणी रात्रपाळीला जुंपलं होतं?

माझ्या वडिलांनी तंबाखू सोडली, रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारली, विम्याचा हप्ता कधी चुकवला नाही. शिस्तीत राहिले, त्यांना काय मिळालं? माझ्या पगारातून टॅक्स हातात यायच्या आधीच कापतात, त्या टॅक्सवर आणखी ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर. आणि दहा एकर ऊस, दारात चारचाकी, इन्कम टॅक्स शून्य, तोही योजनेच्या रांगेत पुढं! आधी हे बंद करा.

ऊसवाला_शिरोळ

आलं का शेवटी शेतकऱ्यावर! दारूचा विषय चालला हुता न्हवं? दहा एकर किती जणांकडं हाय ते तलाठ्याकडं जाऊन बगा. आमच्या गावात भावाभावांत वाटण्या हून गुंठ्यावर आलोय.

आनि टॅक्स भरत न्हाई म्हनजे काय? खताच्या पोत्यावर ५ टक्के जीएसटी, कीटकनाशकावर १८ टक्के, डिझेलवर व्हॅट. दुकानदाराला भरलेला जीएसटी वजा करून मिळतो, आमाला कोन देतंय? तुमाला तर आता १२ लाखांपर्यंत इन्कम टॅक्स लागत न्हाई. मग तुमी बी फुकटेच का?

करदाता_राजारामपुरी

जीएसटी मीही भरतो. साबणावर, चपलांवर, सगळ्यावर. इन्कम टॅक्स त्याच्या वर आहे. बारा लाखांची सूट २०२५ पासून आली, त्याआधी इतकी वर्षं भरला तो काय स्वप्नात? आणि गुंठ्यावाल्यांबद्दल मी बोललोच नव्हतो. शेतीच्या नावाखाली उत्पन्न दाखवणारे डॉक्टर, बिल्डर, पुढारी आपल्या जिल्ह्यात किती आहेत हे तुम्हालाही माहीत आहे.

ऊसवाला_शिरोळ

मग त्यांची नावं घ्या की. सरसकट 'ऊसवाला' कशाला म्हनता? २०१९ च्या आनि २०२१ च्या पुरात ऊस कुजला तवा तुमच्या पगारातनं एक रुपया तरी कमी झाला का? साखरेचे भाव चार रुपयं वाढले की तुमीच बोंब मारतासा.

फिजिशियन_शाहूपुरी

विषय पुन्हा दवाखान्यात आणतो. मी योजनेतले पेशंट बघतो. कागदावर उपचारखर्चाच्या मर्यादेचा आकडा मोठा आहे, दीड लाखाचे पाच लाख झाले, पण ऑपरेशनचं पॅकेज, म्हणजे हॉस्पिटलला मिळणारी रक्कम, ठरलेलं असतं. मधुमेही पेशंटची जखम चिघळली, मुक्काम वाढला, तर दर तोच. लहान हॉस्पिटलनी कसं चालवायचं यावर कुणी बोलत नाही, सगळे 'डॉक्टर लुटतात' म्हणून मोकळे होतात.

आणि सिस्टर, 'करदाता' यांची एक गोष्ट मला पटते. सरकारी दवाखान्यात बीपीची गोळी मोफत मिळते, तरी लोक दोन महिने घेतात आणि 'आता बरं वाटतंय' म्हणून सोडून देतात. पुढं किडनी जाते, मग आठवड्याला दोन-तीन वेळा डायलिसिस. तो खर्च टळण्यासारखा असतो. माणसाकडून काहीच अपेक्षा करायची नाही का?

गंगावेश_कट्टा

अपेक्षा करा हो. उपचार तोडू नका.

करदाते, थोडा हिशोब मीही मांडतो. दारूवर जीएसटी नाही. राज्य उत्पादन शुल्क आणि व्हॅट लागतो, आणि तो थेट राज्याच्या तिजोरीत पडतो. तुमचा इन्कम टॅक्स आधी दिल्लीला जातो. फुले योजना राज्याची. म्हणजे तुमच्या चुलतभावानं प्रत्येक बाटलीमागं त्या योजनेच्या तिजोरीत पैसे टाकलेत. तुमच्या वडिलांच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जुन्या कर पद्धतीत इन्कम टॅक्सच्या ८०डी कलमाखाली सूट मिळते, तोही सरकारचा सोडलेला पैसाच की.

माझे वडील तोंडाच्या कॅन्सरनं गेले. खाल्ली त्यांनी तंबाखू, मी नाकारत नाही. पण एका दवाखान्यात 'आता का रडताय, खाताना कळलं नाही?' असं त्यांना माझ्या आईसमोर विचारलं. पुढच्या तारखेला ते गेलेच नाहीत. तुमचा नियम आला की असा प्रश्न विचारायला सगळ्यांना परवानाच मिळेल. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा बाप पितो का हे विचारून पोराला वर्गात बसवलं नव्हतं.

करदाता_राजारामपुरी

मग काय, पिणाऱ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू? महाराजांना मध्ये आणलं की समोरच्याचं तोंड बंद होतं हे सोपं आहे. तुमच्या वडिलांशी जे बोलले ते चुकीचंच. पण माझ्या वहिनीचं मंगळसूत्र सोडवायला कुठली तिजोरी आली नाही.

ऊसवाला_शिरोळ

आता माजं ऐका. आमच्याकडं मोटरीची लाईट पाळीनं येती, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रातची. दिवसा वीज द्या म्हनून २०२२ ला कोल्हापुरात महावितरणच्या दारात आंदोलन बसलं हुतं. का बसलं? माजा धाकटा भाऊ रातच्याला पानी पाजाय गेला. एका हातात बॅटरी, एका हातात खोरं. सरीतनं बारं मोडताना घोणस चावली. पायात बूट न्हवता, चिखलात बूट रुततोय. घरच्यांनी दोरीनं पाय आवळला, त्यो आनि सुजला. लघवी लाल झाली, मग बंद झाली. इंजेक्शनं झाली, डायलिसिस झालं, वाचला.

तुमच्या हिशोबात हे कुठं बसतंय? बूट घातला न्हाई, अंधारात गेला, म्हनजे हातानं ओढवून घेतलं. भरा बिल!

सिस्टर_कसबा बावडा

अशा केसेस पावसाळ्यात किती येतात ते मी बघितलंय. दोरी आवळू नका, पाय हलवू नका, थेट दवाखाना गाठा, हे तेवढं गावात सांगा दादा.

डॉक्टरसाहेब, गोळ्या सोडणाऱ्यांबद्दल तुमचं खरं आहे. पण गोळीसाठी सकाळची रांग, त्यात मजुरी बुडते, आणि कधी कधी खिडकीवर 'बाहेरून घ्या' ऐकावं लागतं. आशाताई घरी गेली, चार शब्द बोलली, तर तोच माणूस गोळी घेतो. हेही पाहिलंय.

करदाते, तुमच्या चुलतभावाचं लिव्हर तपासलं, पोटातलं पाणी काढलं आणि डिस्चार्ज दिला. दारू सोडवणाऱ्या डॉक्टरकडं कुणी पाठवलं का? समुपदेशन झालं? वहिनींना कुणी बसवून समजावलं? अर्धाच उपचार झाला आणि तुम्ही माणूसच मोडीत काढताय. आणि २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डालाही योजना आहे, म्हणजे तुम्हालाही. कंपनीची पॉलिसी नोकरीबरोबर संपते. तेव्हा खिडकीवर तुम्हाला कुणी 'साहेब, मटण किती खाल्लं?' विचारावं असं वाटतं का?

करदाता_राजारामपुरी

नाही, कुणी पाठवलं नाही. डिस्चार्ज कार्डावर 'मद्यपान टाळावे' एवढंच लिहिलं होतं.

सापाचं मान्य. त्यात वाद नाही, ऊसवाले, भाऊ बरा आहे हे वाचून बरं वाटलं. गोळ्यांचंही अर्धं मान्य. पण डिस्चार्जनंतर व्यसनमुक्तीला जाणं सक्तीचं करा, दोनदा टाळलं तर पुढच्या वेळी निम्मा खर्च त्याच्याकडून घ्या. यावर मी हटणार नाही.

ऊसवाला_शिरोळ

निम्मा खर्च म्हनजे परत वहिनीचंच मंगळसूत्र की हो.

करदाता_राजारामपुरी

...ते बघावं लागेल. शेतीवरच्या टॅक्सचं मात्र मी मागं घेतलेलं नाही. त्याचा वेगळा धागा काढतो, तिथं या.