रागाची वही : ख्रिस्ती माणसाला रागावायचा हक्क आहे का?

घोरपडीकर (धागाकर्ता)

सलाम मंडळी. वय 54, जन्म घोरपडीतला, तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. यंदा लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, मटण सोडण्याऐवजी राग सोडायचं ठरवलं. (मटण सोपं होतं, हे आता कळतंय.) राखेच्या बुधवारी, लेंटच्या पहिल्या दिवशी, मुलाची जुनी शंभर पानी वही घेतली. राग आला की त्याच रात्री लिहायचं : कुठे, कशावरून, तोंडातून काय गेलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी मोजलं. 61 नोंदी. त्यातल्या 23 गाडीवरच्या. एक जशीच्या तशी देतो : "लुल्लानगर चौक. सिग्नल हिरवा झाला तरी पुढचा हलेना. 'झोपलायस का?' असं ओरडलो. त्याची गाडी बंद पडली होती. मागे बायको. तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत बायबल."

61 पैकी अन्यायाविरुद्धचा राग किती? एकही नाही. सगळा माझ्या सोयीचा. पाणी दोन तास उशिरा आलं, भाजीवालीने सुटे दिले नाहीत, वॉचमनने गेट उघडायला वेळ लावला, मुलाने फोन उचलला नाही. आणि बहुतेक नोंदींच्या मुळाशी एकच गोष्ट : हे मला मिळायलाच हवं होतं. रोज पाणी येतं तेव्हा देवाचे आभार मानल्याचं मात्र आठवत नाही.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. 'पवित्र क्रोध' ही आपण शोधलेली पळवाट. माणसाच्या रागाने देवाचं न्यायत्व साधत नाही, असं याकोबाने बायबलातल्या आपल्या पत्रात पहिल्याच अध्यायात लिहून ठेवलंय. ख्रिस्ती माणसाने राग हा पर्यायच ठेवू नये. बोला.

कसब्यातला

वहीची कल्पना आवडली, निष्कर्ष नाही. तुमचा राग सोयीचा निघाला म्हणून सगळ्यांचाच तसा असं कसं?

बायबलात मार्क 3:5 काढा. सभास्थानात हात वाळलेला माणूस उभा आहे आणि लोक टपून बसलेत, की शब्बाथाला हा बरं करतो का ते पाहू. येशूने त्यांच्याकडे रागाने पाहिलं. शुभवर्तमानकाराने 'रागाने' हाच शब्द वापरलाय, 'खिन्नतेने' नुसता नाही. मग प्रभूलाही वही देणार का?

आणि मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलताना येशूने हातात घेतलेला चाबूक राहिलाच.

सिग्नलवरचा

घोरपडीकर, तुमची 23 वाचून धीर आला. माझ्या गाडीच्या मागच्या काचेवर क्रूस होता, 'येशू प्रेम करतो' असं लिहिलेला. मगरपट्ट्याच्या पुलाखाली एकाशी अशी जुंपली की तो निघताना म्हणाला, "आधी ते स्टिकर काढा." काढलं. राग जाईपर्यंत निदान प्रभूची बदनामी तरी नको.

तसं रागाच्या बाबतीत पुणं सर्वधर्मसमभावी आहे. 1890 साली पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी चहा प्यायली, तर प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि टिळक-रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. कपभर चहावरून! आपण तर चौकात उभे आहोत.

घोरपडीकर

@कसब्यातला, चाबूक येणार हे ठाऊकच होतं. पुण्यातल्या प्रत्येक तापट ख्रिस्ती माणसाच्या खिशात तो चाबूक असतो. आमच्या चर्चच्या कमिटीत एक ज्येष्ठ सभासद प्रत्येक मीटिंगला टेबलावर हात आपटून तोच दाखला देतात. विषय काय, तर हॉलच्या पंख्यांचं कोटेशन.

बिबवेवाडीचा विद्यार्थी

थोडं मूळ मजकुराकडे येऊ. (सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात शिकतो, म्हणून खोड.)

चाबकाबद्दल. मार्क 11:11 कुणी वाचत नाही. येशू आदल्या संध्याकाळी मंदिरात जातो, सगळं नजरेखालून घालतो, आणि उशीर झाला म्हणून बेथानीला मुक्कामाला परत जातो. चौरंग उलथले ते दुसऱ्या दिवशी. मध्ये एक अख्खी रात्र गेली. पंख्याच्या कोटेशनवर हात आपटणाऱ्याला ती रात्र नसते. आणि योहानाचं वर्णन बारकाईने बघा : गुरंमेंढरं हाकलली, नाणी ओतली, पण कबुतरं विकणाऱ्यांना नुसतं सांगितलं, ही इथून न्या. पिंजरे उधळले नाहीत. तेवढं भान शाबूत होतं.

म्हणजे दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर.

दुसरं, आपल्या मराठी बायबलात गलतीकरांस 5 मध्ये आत्मसंयमनासाठी 'इंद्रियदमन' हा शब्द आहे. मला वाटतं तो शब्दच आपला घात करतो. दमन म्हटलं की दाबणं, झाकण लावणं. मूळ ग्रीक 'एंक्रातेइया', त्यात 'क्रातोस' म्हणजे बळ, सत्ता. स्वतःवर सत्ता असणं. घोडा मारून टाकायचा नाही, लगाम हातात ठेवायचा.

वारीचा वाटसरू

मी ख्रिस्ती नाही, आळंदीजवळचा. राहवलं नाही म्हणून लिहितोय, चालेल ना?

आमच्याकडे एकनाथांची गोष्ट लहानपणापासून ऐकवतात. गोदावरीत स्नान करून नाथ यायचे आणि एक माणूस वरून थुंकायचा. नाथ परत जाऊन स्नान करायचे. असं कितीतरी वेळा. शेवटी थुंकणारा दमला, पाया पडला, आणि नाथ म्हणाले, तुझ्यामुळे आज गंगेत एवढी स्नानं घडली. तुमचं आत्मसंयमन आणि उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणं, दोन्ही त्यात आलं. नावं वेगळी, माल तोच.

मुक्ता

इथवर सगळे पुरुष बोलतायत, आणि सगळे गाडी, कमिटी, चाबूक. म्हणून लिहिते.

माझी मोठी बहीण, 19 वर्षं संसार. नवरा चर्चच्या मंडळीत मान असलेला, उपासनेत पहिल्या बाकावर, आवाज गोड. घरी हात उचलायचा. ती तेव्हाच्या पाळकांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, प्रार्थना केली, आणि सांगितलं, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, असं पौल सांगतो. तुझ्या शांत स्वभावानेच तो जिंकला जाईल." ती घरी आली आणि खरंच उपकारस्तुती करू लागली. रात्री भांडी घासताना पुटपुटायची. मी स्वतः ऐकलंय. डाव्या हाताने घासायची, उजवं मनगट सुजलेलं.

तिला राग येत नव्हता असं नाही. आपण रागावलो म्हणजे पाप केलं, याची तिला भीती बसली होती. तुमच्यासारख्याच कुणीतरी तिला सांगितलं होतं, की राग हा पर्यायच ठेवू नये.

@वारीचा वाटसरू, दादा, नाथांची गोष्ट मलाही आवडते. पण नाथांनी स्वतःच्या अंगावर थुंकून घेतलं. दुसऱ्या कुणाला, "तू गप्प थुंकून घे" असं सांगत ते फिरले नाहीत.

कसब्यातला

मुक्ताताई, +1. आणि हे नुसतं घरातलं नाही. भारतीय घटस्फोट कायदा 1869 चा. त्याप्रमाणे ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे, पण बायकोला नुसती मारहाण सिद्ध करून भागायचं नाही, जोडीला व्यभिचारही दाखवावा लागायचा. क्रूरता हे एकट्याने पुरेसं कारण झालं ते 2001 च्या दुरुस्तीने. मधली 132 वर्षं किती बायकांना 'शांती ठेव' ऐकवलं असेल? कायदा बदलला तो भांडून, अर्ज करून, कोर्टात जाऊन.

पंडिता रमाबाई घ्या. 1897 च्या प्लेगात पुण्यात स्त्री रुग्णांची जी हेळसांड चालली होती, त्यावर त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून सरकारला जाब विचारला. तो विषय विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला. ते पत्र शांत मनाने लिहिलं असेल असं मला तरी वाटत नाही. आणि त्याच सुमाराला त्याच बाई दुष्काळातल्या मुलींना केडगावला आणून जेवू घालत होत्या. राग आणि प्रीती एकाच घरात नांदतात.

घोरपडीकर

मुक्ताताई, काय उत्तर द्यावं सुचत नव्हतं, म्हणून दोन दिवस गप्प होतो.

मी लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यापुढे मीच होतो. तुमच्या ताईच्या पाळकांचं मी समर्थन करणार नाही. पण एक शंका राहते. राग योग्य की अयोग्य हे ठरवणार कोण? रागावलेल्या माणसाला त्याचा राग नेहमी योग्यच वाटतो. पंखेवाल्या ज्येष्ठांनाही ते मंदिर शुद्ध करतायत असंच वाटतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांएवढा भक्त कवी, पण स्वभाव किती तापट, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लपवलेलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाला जमलं नाही, तिथे 'योग्य राग' मला पेलेल असं कोणत्या तोंडाने म्हणू?

बिबवेवाडीचा विद्यार्थी

मुक्ताताई, त्या पाळकांनी वापरलेलं वचन 1 थेस्सलनीकाकरांस 5:18 चं. तिथे 'सर्व स्थितीत' आहे. स्थितीत राहून देवाचे आभार, त्या स्थितीबद्दल नव्हे. सुजलेल्या मनगटाबद्दल आभार मानायला पौल सांगत नाही.

कसब्यातला

आणि इफिसकरांस 5:20? तिथे 'सर्व गोष्टींबद्दल' आहे ना?

बिबवेवाडीचा विद्यार्थी

आहे. पकडलंत. पण त्याच पत्रात एक पान मागे 'रागावा, पण पाप करू नका' हेही आहे, आणि ते स्तोत्र 4 मधून घेतलेलं. स्तोत्रांत तर लोक देवालाच विचारतात, किती काळ, हे परमेश्वरा? ज्याला सगळ्याचं कौतुकच करायचं आहे तो हा प्रश्न विचारत नाही. 5:20 एकटं उचलून कुणाच्या डोक्यात मारू नये, एवढंच म्हणेन. पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, सरांना विचारतो.

एक मात्र खात्रीने सांगतो. दुसरा गाल पुढे करण्याचा दाखला देणाऱ्यांनी योहान 18:23 वाचावा. प्रमुख याजकापुढे शिपायाने चपराक मारली तेव्हा येशूने गाल पुढे केलेला नाही. त्याने विचारलं, मी चुकीचं बोललो असेन तर दाखव, नसेन तर मला का मारतोस? आवाज चढवला नाही, हात उचलला नाही, आणि गप्पही बसला नाही.

फातिमानगरच्या आजी

नातीकडून टाइप करून घेते आहे, चुका तिच्या.

आमच्या कॅथलिकांच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, ख्रिस्तप्रसादाच्या आधी शांती देतात, शेजारच्याला हात जोडून किंवा हातात हात घेऊन. माझी धाकटी जाऊ आणि मी, सासऱ्यांच्या खोलीवरून चार वर्षं बोलत नव्हतो. मी मुद्दाम डावीकडच्या बाकांवर बसायची, ती उजवीकडे. एका रविवारी मला उशीर झाला, जागा होती ती तिच्या मागेच. शांती द्यायची वेळ आली आणि ती मागे वळली. तिला माहीत नव्हतं मागे मी आहे. तिच्या हातात रुमाल होता. तो रुमालासकट हात तिने पुढे केला, आणि मी धरला. बोललो काहीच नाही. खोलीचा वाद अजून मिटलेला नाही बरं का! पण परवा तिने बोंबलाची चटणी पाठवली.

जेझुइट फादरांनी आम्हाला रात्रीचं परीक्षण शिकवलं होतं. त्यात आधी दिवसाबद्दल आभार, मग चुका. घोरपडीकर, तुम्ही वहीत नुसत्या चुकाच लिहिल्यात. आधी आभार लिहा, म्हणजे चुका लिहायला हात कापत नाही.

आणि मुक्ता, बाळ, बहीण आता कुठे आहे?

मुक्ता

आजी, ती आता माझ्याकडे असते, हडपसरला. केस चालू आहे. एका मैत्रिणीने 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली अर्ज करायला लावला, संरक्षणाचा आदेश मिळाला. ज्या दिवशी तिने अर्जावर सही केली, त्या दिवशी ती पहिल्यांदा रागावली. माझ्यावरच. "तू आधी का नाही बोललीस?" म्हणून. मी उत्तर दिलं नाही. चहा ठेवला.

उपकारस्तुती ती अजून करते. आता मोठ्याने.

सिग्नलवरचा

सगळे गंभीर झालेत, पण मी विचारतोच. घोरपडीकर, त्या 61 नोंदी कुणाकुणावर होत्या? मी माझ्या मोजायला घेतल्या आणि मध्येच वही बंद केली.

घोरपडीकर

काल रात्री नवा रकाना आखला : 'कोणावर'. 61 पैकी 48 असे, की जे मला उलटून बोलू शकत नाहीत, किंवा बोलले तरी माझं काही बिघडत नाही. भाजीवाली, वॉचमन, डिलिव्हरीवाला पोरगा, घरच्या कामाच्या मावशी, बायको, मुलगा. ऑफिसात माझ्या वरच्या माणसाने दोनदा माझं श्रेय लाटलं, त्याची नोंदच नाही. त्याच्यापुढे माझं इंद्रियदमन उत्तम चालतं.

तेव्हा 'राग हा पर्यायच ठेवू नये' हे वाक्य मागे घेतो. माझ्यासाठी ठेवतो, मुक्ताताईंच्या बहिणीसाठी मागे घेतो. @कसब्यातला, तुमचा चाबूक मात्र मला अजून पटलेला नाही.

कसब्यातला

रात्रभर थांबून वापरायचा असेल तर पटेल का?

घोरपडीकर

विचार करतो.

मुक्ता

त्या वॉचमनला भेटलात का?

घोरपडीकर

नाही. त्याची आता रात्रपाळी आहे, सातला येतो. आजी म्हणाल्या तसं आधी आभार लिहायला बसलो, तर त्याचं नावच माहीत नाही हे लक्षात आलं. अकरा वर्षं गेट उघडतोय.

खाली जातोय.