पावसाळ्यात खताच्या बादलीला वास येतोय, अळ्याही झाल्यात

गॅलरीतली_बाग
माणसं चार, रोज साधारण अर्धा किलो ओला कचरा. 20 लिटरची झाकणाची बादली, बाजूंना छिद्रं, विरजणाला आंबट ताक. पाऊस लागल्यापासून आंबूस वास, तळाला काळं पाणी आणि पेराएवढ्या राखाडी अळ्या. शेजारी म्हणतात, बंद करा, घंटागाडीत टाका. काय चुकतंय?

पालापाचोळा
पाणी जास्त झालंय. भाजीच्या देठा-सालांत तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. उन्हाळ्यात ते उडून जातं, दमट हवेत तिथेच साचतं. मग आत हवा उरत नाही आणि आंबवणारे जिवाणू माजतात. वास त्यांचा. आणखी ताक ओतू नका, विरजण कमी पडलेलं नाही.

मूठभर माल घट्ट दाबा. एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर. धार लागली तर सगळं जुन्या वर्तमानपत्रावर उपडं करा, गोळे फोडा, तेवढाच सुक्या पाल्याचा चुरा मिसळा. तळाला 8 मिमीची दहा-बारा छिद्रं, त्यांवर दोन इंच नारळाच्या शेंड्या, खाली ताटली, मग परत भरा. यापुढे वाटीभर कचऱ्याला दोन वाट्या चुरलेला पाला, त्याच वेळी, रोज. दर तीन दिवसांनी तळापासून हलवा. वास नाकाला झोंबणारा, अमोनियाचा असेल तर नत्र जास्त झालंय. तिथेही उपाय सुका पालाच.

चार माणसांना एक बादली पुरत नाही. दोन ठेवा, एक भरेपर्यंत दुसरी मुरते.

माठातलं_खत
अळ्या मारू नका. वर्णनावरून त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या वाटतात. ही माशी घरमाशीसारखी आपल्या ताटावर घोंगावत नाही, आणि अळी कचरा झपाट्याने फस्त करते. नकोच असतील तर छिद्रांना मच्छरदाणीची जाळी आणि वर कायम दोन इंच सुका थर. चिलटांची अंडी बऱ्याचदा केळ्याच्या सालींवरून येतात. साली बारीक चिरून खोल पुरा. शिळा भात मूठभर चालतो, तेलकट रस्सा आणि मासळी नको.

ओला_सुका
कृपा करून बंद करू नका. कचऱ्याच्या डोंगरात हवा पोचत नाही, म्हणून तिथे हाच कचरा मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता अडवतो. 2016 मध्ये देवनारच्या कचराभूमीची आग मुंबईने अनेक दिवस सोसली. बादली हलवायची तीही याचसाठी: आत हवा नसेल तर तिथेही थोडा मिथेन बनतोच. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायट्यांत जो पाला जाळतात, तोच पोत्यांत भरून कोरड्यात ठेवा. पावसाळा निघतो.

गॅलरीतली_बाग
आभार. ते काळं पाणी दहापट पाणी घालून तुळशीला चालेल?

पालापाचोळा
आंबूस वास आहे तोवर नको, मुळं करपतील. ते कोरड्या पाल्यावर ओता आणि तो पाला थरात वापरा. साल ओळखू येईनाशी झाली, ओल्या मातीचा वास आला की खत चाळा. कुंडीला एक भाग खत, तीन भाग माती.