आर्ट म्युझियमचे ऑनलाइन कार्यक्रम घरबसल्या बघतं का कुणी?

रंगपेटी_सांगली: आई ६८ वर्षांची, शाळेत ड्रॉइंग शिकवायची. आता गुडघ्यांमुळे तिला मुंबईच लांब वाटते, युरोप वगैरे तर सोडाच. म्हणून टॅब घेऊन दिला आणि परदेशातल्या एका म्युझियमचं लाइव्ह लेक्चर पैसे भरून बुक केलं. मी येडा, तिथली वेळ आपल्याकडे किती होते ते बघितलंच नाही, निघालं पहाटे साडेचारला! बिचारी गजर लावून उठली, आंघोळ करून बसली आणि त्या बाई इतक्या भरभर की चित्र नीट दिसायच्या आत पुढची स्लाइड. थांबून थांबून बघता येईल असं काही आहे का? फुकट असेल तर सोन्याहून पिवळं 😀

कुंचला७: लाइव्हचा नाद सोडा हो काकूंसाठी. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या साइटवर रेम्ब्रांट या जुन्या डच चित्रकाराचं 'नाइट वॉच' (१६४२) उघडून द्या, शहराच्या राखणदार पलटणीचं आणि तिच्या कॅप्टनचं चित्र आहे. २०१९ पासून ते चित्र गॅलरीतच काचेच्या खोलीत ठेवून लोकांसमोर तपासतायत, त्यातच ८४३९ फोटो काढून जोडले आणि २०२२ च्या जानेवारीत ७१७ गिगापिक्सेलची (म्हणजे ७१७ अब्ज ठिपक्यांची) इमेज फुकट टाकली. झूम करत गेलं की रंगाला पडलेल्या भेगा दिसतात. प्रत्यक्ष गेलात तरी गर्दीत एवढ्या जवळून कोण बघू देणार? काकूंना सांगा, कॅप्टनच्या हाताची सावली शेजारच्याच्या पिवळ्या कोटावर पडलीय ती आधी शोधा. मग उजेडातल्या मुलीच्या कमरेला काय लटकलंय ते.

नुसताच_वाचक: यात भर, १७१५ मध्ये टाउन हॉलच्या भिंतीवर बसेना म्हणून या चित्राच्या चारी कडा कापल्या होत्या! आपल्याकडे फ्रेमवाला कॅलेंडर कापतो तसं. २०२१ मध्ये जुन्या छोट्या नकलेवरून कॉम्प्युटरने ते तुकडे परत तयार करून दाखवले.

दुपारचा_चहा: लाइव्ह बघायचंच असेल तर लंडनचं बघा, तिथले संध्याकाळचे ६ म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. न्यूयॉर्कच्या संध्याकाळच्या वाटेला जाऊ नका, परत पहाटच येणार. आणि ड्रॉइंगच्या बाई आहेत म्हणून सांगते, रेम्ब्रांटने मुघल मिनिएचर (लघुचित्रं) बघून चित्रं काढलीयत, शहाजहान आणि दारा शुकोहचं लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियमकडे आहे, साइटवर दिसतं. भारतात पाऊल न टाकता काढलंय! मुंबईचं भाऊ दाजी लाड आणि पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम गूगल आर्ट्सवर आहे, पण तिथे मजकूर जास्त इंग्रजीतच, तुम्हाला शेजारी बसावं लागेल.

रंगपेटी_सांगली: सावली दोन मिनिटांत सापडली, पण गेला तासभर आई त्या मुलीवरच अडकलीय. "अरे ही कोंबडी बांधून कुठे निघालीय?" तिसऱ्यांदा विचारतेय. टॅब जाम तापलाय, ७१७ गिगापिक्सेल अख्खं डाउनलोड होतंय की काय? माझा नेटपॅक रोज दीड जीबीचाच आहे 😭

कुंचला७: नाही हो, बघताय तेवढाच तुकडा येतो. आणि कोंबडीचे पाय बघायला सांगा, त्या पलटणीची खूणच पक्ष्याचा पंजा होती.

रंगपेटी_सांगली: सांगितलं. आता ती नख्या मोजतेय आणि चहा मीच टाकलाय.