खुनाच्या खटल्यात हेतू लागतोच का? कायदा एक सांगतो, साहित्य दुसरंच

अधिकरणिक
खुनाची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पण मारलं कशासाठी? कारण सापडलं नाही की ‘केस टिकत नाही’ असं लोक बिनधास्त ठोकून देतात. हे वेड आपल्याला नाटक-कादंबऱ्यांनी लावलंय. खुनाच्या व्याख्येत हेतू नाहीच.

भारतीय न्याय संहितेचं कलम १०१ (भादंवितलं जुनं ३००) वाचून पाहा. त्यात इरादा आहे, जाणीव आहे, कारण नाही. विरसा सिंग खटल्यात (१९५८) पोटात भाल्याचा एकच घाव होता. सर्वोच्च न्यायालयाने काय तपासलं? जखम झाली का, ती कुठे आणि कशी होती, तीच जखम करायची होती की चुकून लागली, आणि तशा जखमेने एरवी माणूस दगावतो का. बस्स. जीवच घ्यायचा होता हेसुद्धा वेगळं सिद्ध करावं लागलं नाही, मग वैर कशावरून होतं ही तर फार पुढची गोष्ट.

वाचस्पती
व्याख्येत नसेल, पण निकालात असतो त्याचं काय?

दोस्तोयेव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’ कादंबरीतला रस्कोल्निकोव्ह घ्या (१८६६). कुऱ्हाडीने दोन बायका मारल्या, स्वतः जाऊन कबुली दिली, आणि सक्तमजुरी किती, तर आठ वर्षं. चोरलेलं पाकीट त्याने एका अंगणात दगडाखाली पुरलं होतं. आत ३१७ रूबल आणि ६० कोपेक निघाले. त्याने ते मोजणं सोडाच, उघडूनही पाहिलं नव्हतं. लोभासाठी मारणारा असा वागेल हे कोर्टाच्या पचनी पडेना. शेवटी तात्पुरत्या वेडाचा झटका मानून मोकळे झाले.

आणि आपल्याकडे मच्छी सिंग खटला (१९८३) विसरलात? फाशी द्यायची का, हे ठरवताना पाहायच्या पाच बाबींत ‘हेतू’ चक्क नावानिशी आहे. सुपारी घेऊन मारणं, इस्टेटीसाठी मारणं ही तिथलीच उदाहरणं.

अधिकरणिक
तुमची दोन्ही उदाहरणं शिक्षेची आहेत. शिक्षा किती हा दोषी ठरल्यानंतरचा प्रश्न. शिवाय रस्कोल्निकोव्हच्या पारड्यात कबुलीही होती. पुरावा धूसर, त्यात एका रंगाऱ्याने भलताच गुन्हा कबूल करून ठेवलेला, अशा वेळी तो स्वतःहून हजर झाला. सगळं श्रेय त्या पाकिटाला देऊ नका.

पडदा_पाडा
काम्यूच्या ‘द स्ट्रेंजर’ कादंबरीतला (१९४२) खुनी म्यूर्सो कोर्टात सांगतो की हे उन्हामुळे झालं, आणि लोक हसतात. पहिली गोळी, मग थांबून निपचित पडलेल्या देहात आणखी चार. इरादा दाखवायला त्या चार गोळ्या पुरे होत्या. सरकारी वकील मात्र तो आईच्या अंत्यविधीला रडला नाही हेच उगाळत बसतो. हेतूच्या नादी लागलं की खटला असा माणसाच्या स्वभावावर घसरतो.

उलटतपासणी
तुम्ही दोघं अर्धं अर्धं सांगताय. हेतू किती लागतो हे पुरावा कोणत्या जातीचा आहे त्यावर ठरतं.

डोळ्यांनी पाहिलेला, विश्वासार्ह साक्षीदार असेल तर हेतू सिद्ध झाला नाही म्हणून काही अडत नाही. पण सगळा पुरावा परिस्थितिजन्य असेल, तर साखळीतली प्रत्येक कडी तपासली जाते. शरद बिरधीचंद सारडा खटल्यात (१९८४) त्याची पाच सूत्रं घालून दिली आहेत. आरोपी दोषी ‘असू शकतो’ एवढ्यावर भागत नाही. अशा वेळी हेतूच नसणं हे आरोपीच्या बाजूचं वजन ठरतं. तेवढ्यावर तो सुटतोच असं नाही, पण वजन पडतं.

आता यात गफलत कुठे होते ते पाहा. पोलिसांपुढच्या जबाबात भांडणाचा उल्लेख नसतो आणि साक्षीच्या वेळी पिंजऱ्यात उभं राहून नातेवाईक ‘जमिनीचा वाद होता’ म्हणतात. बचाव पक्ष ती वगळलेली गोष्ट लगेच नोंदवून घेतो. सरकारी पक्षाने सगळी केस त्या वादावर उभी केली असेल, तर मजबूत पुरावाही संशयात सापडतो. शिवाय वैर हे दुधारी हत्यार आहे. खून करायला जेवढं कारण, तेवढंच खोटं गुंतवायलाही.

याचा नमुना पाहायचा तर शूद्रकाच्या मृच्छकटिक नाटकाचा नववा अंक काढा. गणिका वसंतसेनेचा गळा दाबणारा राजाचा मेहुणा शकार स्वतःच फिर्यादी होऊन येतो. तिचा प्रियकर चारुदत्त याने पैशासाठी तिला मारलं, असं सांगता सांगता ‘मी नव्हे’ हे त्याच्या तोंडून निसटतं. न्यायाधीश तेच शब्द आधी लिहून घ्यायला सांगतात आणि शकार लिहिलेलं पायाने पुसून टाकतो! पैशासाठी कशावरून, असं विचारल्यावर म्हणतो, गळ्यात दागिने नव्हते. इतकी ढळढळीत चूक झाल्यावर खरं तर चौकशी त्याचीच व्हायला हवी होती. पण चारुदत्ताचा मित्र मैत्रेय याच्या काखेतून तिचे दागिने कोर्टातच खाली पडतात आणि चारुदत्ताचं दारिद्र्य हा आयता हेतू होऊन बसतो. बागेत सापडलेलं प्रेत तिचंच आहे हे कुणी पटवलेलंही नाही. ती तर जिवंत असते.

अधिकरणिक
म्हणजे माझंच म्हणणं झालं की. हेतू चपखल बसला आणि प्रेताची ओळख राहून गेली. उलट नानावटी खटला (१९५९ची घटना, नौदल अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला मारलं) पाहा. तिथे हेतू सूर्यप्रकाशाइतका स्वच्छ. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली घड्याळ पाहिलं. दीडच्या सुमारास घर सोडलं, खोटं कारण सांगून जहाजावरून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, आधी ऑफिसात शोधलं, मग घर गाठलं, गोळ्या चालल्या चार वीसला. राग शांत व्हायला एवढा वेळ पुरेसा होता, म्हणून ‘गंभीर आणि अचानक प्रक्षोभ’ हा अपवाद लागू झाला नाही. जन्मठेप कायम.

वाचस्पती
भारतापुरतं ठीक. जर्मन दंडसंहितेच्या कलम २११ मध्ये लोभ, मारण्यातला आनंद, ‘इतर नीच हेतू’ यांतलं काही सिद्ध झालं तर खून, आणि शिक्षा जन्मठेपच. दगाबाजी, क्रौर्य असं दुसरं काही खुनाचं लक्षणही नसेल तर कलम २१२, तिथे किमान पाच वर्षं. तिथे हेतू व्याख्येतच बसलाय.

अधिकरणिक
आणि त्यावर टीका किती होते तेही सांगा. ते शब्द १९४१चे, नाझी राजवटीतले. तुम्ही म्हणता ती दगाबाजीच घ्या: रोज मार खाणाऱ्या बाईने झोपलेल्या नवऱ्याला मारलं तर तो खून ठरू शकतो, आणि समोरासमोर बडवून जीव घेणारा नवरा २१२ वर निभावू शकतो.

उलटतपासणी
आपल्याकडेही हेतू कायद्यात घालून पाहिलाय. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(२)(५) मध्ये मूळ अट होती की गुन्हा पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे ‘या कारणावरून’ व्हायला हवा. ते सिद्ध करणं इतकं जड जायचं की २०१५च्या दुरुस्तीत तिथे नुसती जाणीव पुरेशी केली. आरोपीच्या डोक्यातलं कारण शोधण्यापेक्षा त्याला जात माहीत होती हे दाखवणं केव्हाही सोपं.

म्हणून न्याय संहितेच्या कलम १०३(२) बद्दल मला शंका आहे. पाच किंवा अधिक जणांच्या टोळीने वंश, जात, भाषा, श्रद्धा वगैरे कारणावरून केलेला खून तिथे वेगळा काढलाय. शिक्षा मात्र साध्या खुनाचीच: फाशी किंवा जन्मठेप, शिवाय दंड. कारण सिद्ध करायचं ओझं वाढलं, शिक्षेत फरक शून्य.

वाचस्पती
अशा खुनाला नाव मिळालं हे काही कमी नाही. पण शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तल्या खलनायक इयागोचं काय करणार? कवी-समीक्षक कोलरिजने त्याच्या दुष्टपणाला निर्हेतुक म्हटलं ते उगाच नाही. हेतू न शोधता त्याला कशात अडकवाल?

अधिकरणिक
अहो, अडकवायचं काय त्यात? स्वतःच्या बायकोला, एमिलियाला, त्याने ऑथेल्लो, मोंटानो आणि ग्राशियानोसमोर भोसकलं. तीन प्रत्यक्षदर्शी. ऑथेल्लोने केलेल्या डेस्डिमोनाच्या खुनात चिथावणीचा आरोप लागेल, तोही हेतूशिवाय. शेवटी तो ‘आता एक शब्द बोलणार नाही’ म्हणतो, तो त्याचा हक्कच आहे, संविधानाचं कलम २०(३). त्याच्या मौनाने कुणाचं काही अडत नाही.

उलटतपासणी
एमिलियाबद्दल मान्य. साथीदार रॉड्रिगोला मात्र अंधारात मारलंय. तिथे रॉड्रिगोच्या खिशातली पत्रंही कामाला येतील, आणि ती पत्रं इयागोचा हेतूच सांगतात.