क्लॅरिनेट : सूर चढतो आणि टोन आवळल्यासारखा येतो, मदत हवी आहे

जाणकार मंडळी, नमस्कार.

बी फ्लॅट क्लॅरिनेट शिकायला लागून काही महिने झाले. वाद्य नेहमीचं सतरा कळांचं, प्लॅस्टिकचं. माउथपीस सोबत आलेलाच, रीड (माउथपीसवर बसणारी, कंप पावणारी पातळ पट्टी) अडीच नंबरची. बोटं बऱ्यापैकी बसली आहेत, सोपे तुकडे वाजतात. गाडी अडली आहे ती आवाजापाशी.

आधी टोनचं सांगते. अगदी खालच्या स्वरांत आवाज त्यातल्या त्यात भरीव लागतो. मोकळ्या जीच्या (एकही भोक न झाकता येतो तो स्वर) वरचे ए आणि बी फ्लॅट आले की सुरापेक्षा हवाच जास्त ऐकू येते. आणि तिथून ब्रेक (रजिस्टर कळ दाबून वरचा पट्टा सुरू होतो ती जागा) ओलांडून बी, सी, डीवर गेलं की आवाज चिरका होतो, कुणीतरी गळा धरल्यासारखा.

आता ट्यूनिंग. वाद्य हातात नीट गरम झाल्यावर, मध्यम जोरात वाजवून ट्यूनर ॲपवर घेतलेली मापं अशी (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) :

मोकळा जी : १८ ते २० सेंट वर
त्याच्या वरचा ए : २५ वर
रजिस्टर कळेसहित मधला सी : १० वर
तळाचा ई : १० खाली

हळू वाजवायला गेलं की हे सगळं आणखी वर जातं. फुंक कमी केली तर सूर उतरेल अशी माझी समजूत होती, इथे नेमकं उलटं होतंय. ओठ सैल सोडून काटा मध्यावर आणता येतो, पण मग आवाजात जीवच राहत नाही.

तर प्रश्न असे : बॅरल (माउथपीसच्या लगेच खालचा छोटा तुकडा) ओढू की ओठानेच जुळवून घ्यायची सवय करू? रीड तीन नंबरची घेऊन बघू का? माउथपीस बदलायचा का?

(मी सी वाजवला की ट्यूनर बी फ्लॅट दाखवतो, ते तसंच असायला हवं हे माहीत आहे. त्यावर कुणी वेळ घालवू नका.)

प्रतिसाद १

मापं दिलीत हे फार बरं केलंत, नाहीतर अशा धाग्यांवर नुसता अंदाजपंचे कारभार चालतो.

अजून दोन मापं हवीत. नुसता माउथपीस रीड लावून मध्यम जोरात फुंका आणि आठ-दहा सेकंद धरा. तिथे पेटीची पांढरी एक यायला हवी, साधारण १०४६ हर्ट्झची. मग त्याला फक्त बॅरल जोडून तेच करा. तिथे काळी तीन, म्हणजे ७४० च्या आसपास. ट्यूनरकडे बघत जुळवू नका, जे येईल ते येऊ द्या आणि इथे लिहा. तोवर काही विकत घेऊ नका.

प्रतिसाद २

बॅरलबद्दल. मोकळा जी वाजतो तेव्हा वाद्यात हवेचा स्तंभ जेमतेम पाव मीटरचा असतो. तळाच्या ईला तोच साठ सेंटीमीटरच्या जवळ जातो. त्यामुळे बॅरल एक मिलिमीटर बाहेर काढला की जी सुमारे सात सेंट उतरतो आणि ई तीनच. तुमचा जी वीस वर आहे आणि ई दहा खाली. सगळा जी बॅरलनेच उतरवायचा तर जवळपास तीन मिलिमीटर ओढावं लागेल, आणि ई अजून आठ-नऊ सेंट खोल जाईल. म्हणजे बॅरल लागेल, पण एकट्या बॅरलचं हे काम नाही.

दोन जॉइंटमधला (वाद्याच्या वरच्या आणि खालच्या भागांमधला) सांधा ओढला तर जीला काहीच फरक पडत नाही, कारण त्याचा स्तंभ वरच्या जॉइंटमध्येच संपतो. मधला सी मात्र उतरतो, त्याला जवळजवळ सगळी नळी लागते. म्हणून आधी जी बॅरलने, मग सी मधल्या सांध्याने, हा क्रम.

आणि थंड वाद्य खाली बोलणारच. आतल्या हवेचं तापमान एक अंशाने बदललं की सूर साधारण तीन सेंट सरकतो. पहिली पाच-दहा मिनिटं ट्यूनर लावूच नका, उगाच डोक्याला ताप.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. माउथपीस घेऊन बसले होते, घरच्यांनी दार लावून घेतलं. :)

नुसता माउथपीस काळी एकला टेकतोय, म्हणजे जवळपास अर्धा स्वर वर. बॅरल लावल्यावर काळी तीनच्या बराच वर, आणि धरून ठेवला तर शेवटी शेवटी आणखी चढतो.

प्रतिसाद १

मग निदान झालं. तुम्ही चावताय. खालचा जबडा रीडला वर दाबतो, रीडचं टोक आणि माउथपीस यांमधली फट बारीक होते, रीडला हलायला जागा उरत नाही. सूर चढतो आणि टोन आवळतो ते याच एका कारणाने. शेवटी शेवटी चढतो कारण ओठ दमले की माणूस जबड्याने धरतो. हळू वाजवतानाही तेच : फुंक कमी झाली की आवाज निसटेल या भीतीने पकड घट्ट होते. त्यात क्लॅरिनेटचा स्वभावच हळू आवाजात चढण्याचा आणि जोरात उतरण्याचा आहे, बासरीच्या बरोब्बर उलट. दोन्ही एकत्र आलं की तुमचा सूर आणखी वर जातो.

ओठाने काटा मध्यावर आणला की आवाज मरतो म्हणालात, तेही यातच येतं. सैल सोडता तेव्हा चावणं जातं खरं, पण सोबत ओठांचे कोपरेही सुटतात. सोडायचा आहे तो जबडा, कोपरे नाहीत. बटव्याची नाडी ओढली की त्याचं तोंड चारी बाजूंनी मिटतं, तसे ओठ माउथपीसभोवती यायला हवेत. हनुवटी सपाट, खाली ओढलेली. आरशात बघा : हनुवटीला खळ्या आणि सुरकुत्या पडत असतील तर ती वर गोळा होतेय.

आता एक व्यायाम. वरचे दात माउथपीसवर टेकवण्याऐवजी वरचा ओठही दातांवर दुमडून घ्या आणि तसंच वाजवा. दोन्ही ओठ मध्ये आले की चावता येतच नाही, चावलं तर दुखतं. सुरुवातीला दोन-तीन मिनिटांत ओठ दमतात, तिथे थांबा. मग नेहमीसारखे दात टेकवा, पण तीच पकड ठेवायचा प्रयत्न करा. काही वादक कायम याच पद्धतीने वाजवतात, पण तुम्हाला ते करायची गरज नाही.

माउथपीस तोंडात किती घेता तेही बघा. कागदाची पातळ पट्टी रीड आणि माउथपीस यांच्यामध्ये वरून सरकवा. जिथे अडेल तिथे पेन्सिलीने रीडच्या कडेला बारीक खूण करा. खालचा ओठ साधारण त्या खुणेपाशी यायला हवा. त्याहून कमी घेतला तर रीडचं टोकच दाबलं जातं आणि आवाज चिरका येतो, फार जास्त घेतला तर चिरकून पक्ष्यासारखा ओरडतो.

जीभ मागच्या बाजूला उंच, 'ई' म्हणताना असते तशी. ब्रेकच्या वर गेल्यावर याचा फरक लगेच कळेल, तिथे घसा 'ऑ' म्हणतोय असा ठेवला तर स्वर खाली घसरतो.

प्रतिसाद ३

वरचं सगळं पटलं. पण ए आणि बी फ्लॅटच्या फुसफुशीत तुमचा दोष थोडाच आहे, वाद्याचाही आहे.

बासरीवर जोरात फुंकलं की मंद्र सावरून वरचा सा मिळतो. क्लॅरिनेट एका टोकाने बंद असलेली नळी असल्यासारखं वागतं, म्हणून रजिस्टर कळ दाबली की सावरून थेट वरच्या सप्तकाच्या पंचमावर उडी. त्या कळेचं छिद्र या उडीसाठी जिथे आणि जेवढं हवं, तिथे बी फ्लॅटसाठी ते फार बारीक पडतं. बी फ्लॅटला तेच छिद्र स्वर काढायला वापरलं जातं, त्यामुळे सगळ्याच क्लॅरिनेटवर तो स्वर कोंदट असतो. चांगल्या महागड्या वाद्यांवरही.

उपाय साधा आहे : जी, ए, बी फ्लॅट वाजवताना उजव्या हाताची बोटं भोकांवर टाका. आवाज भरतो आणि सूर थोडा उतरतो, तुम्हाला दोन्ही हवंय. कुठली बोटं हे वाद्यागणिक बदलतं. पहिली दोन, मधली दोन, तिन्ही, अशी आलटून पालटून करून बघा आणि जे बसेल ते पक्कं करा. वरती बी आणि सी घेताना उजवा हात तसाही खाली लागतोच, त्यामुळे ब्रेक ओलांडणंही सोपं जातं.

प्रतिसाद ४

रीडकडे कुणी बघत का नाहीये? चावण्यामागे पुष्कळदा रीड असते. टोक वाळून लाटेसारखं झालं असेल तर ती नीट बंद होत नाही, आणि माणूस नकळत दाबून ती बंद करू पाहतो. काचेवर सपाट ठेवून बघा, डुगडुगते का. बसवताना रीडचं टोक माउथपीसच्या टोकाशी बरोबर यावं, समोरून बघितलं तर वर काळी कड केसाएवढी दिसावी. खाली सरकली तर आवाज मऊ आणि बसका, वर गेली तर जड. लिगेचरचे (रीड धरून ठेवणाऱ्या पट्ट्याचे) स्क्रू फक्त रीड हलणार नाही इतकेच आवळा.

एकच रीड मरेस्तोवर वाजवू नका. तीन-चार फिरत्या ठेवा आणि वाजवून झालं की पुसून डबीत. माउथपीसवर तशीच विसरली की ती गेली.

तीन नंबरला सध्या हात लावू नका. जड रीड आली की चावणं वाढेल. शिवाय नंबर सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात, एकाची अडीच दुसऱ्याची तीन निघते.

माउथपीसबद्दल मात्र प्रतिसाद १ शी थोडा असहमत. सोबत आलेला माउथपीस बऱ्याचदा यथातथाच असतो आणि वाद्याच्या आवाजात सगळ्यात मोठा वाटा त्याचाच. आत्ता नको, पण पकड बसल्यावर दुसऱ्या कुणाचा लावून बघायला हरकत नाही.

प्रतिसाद १

हरकत नाहीच. क्रम तेवढा पाळा.

एक राहिलं. काट्याकडे बघत सूर जुळवायची सवय लावून घेऊ नका. डोळे मिटून स्वर लावा, स्थिर झाला की मग डोळे उघडून बघा किती आहे. त्याहून बरं म्हणजे तानपुऱ्याच्या ॲपवर काळी पाचचा सा लावा आणि त्यावर आपला सी लांब धरा. सूर जुळत नसेल तेव्हा आवाजात एक डुलकी ऐकू येते. दोन्हीत दोन हर्ट्झचा फरक असेल तर सेकंदाला दोन डुलक्या. जवळ जाल तशी ती संथ होत जाते. कानाला हे एकदा सापडलं की ट्यूनर लागत नाही फारसा. आणि टोन ऐकायचा तर फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रेकॉर्ड करा. वाजवणाऱ्याला दातांतून आणि कवटीतून वेगळाच आवाज ऐकू येतो.

धागाकर्ती

थोडे दिवस मध्ये जाऊ दिले, आता सांगते.

रीड काचेवर ठेवली तर खरंच डुगडुगत होती, टाकून दिली. दोन्ही ओठांचा व्यायाम रोज सुरुवातीला करते, ओठ अजून कुरकुर करतात. नुसता माउथपीस आता पांढरी एकच्या किंचित वर येतो, क्वचित बरोबर. बॅरल साधारण एक मिलिमीटर बाहेर आहे. मोकळा जी पाचच्या आसपास वर, सी जवळजवळ मध्यावर. एला उजव्या हाताची पहिली दोन बोटं टाकली तर आवाज ओळखू येत नाही, इतका बदलतो. बी फ्लॅटला तिन्ही टाकावी लागतात. हळू वाजवताना सूर अजूनही चढतो, पण पूर्वीइतका नाही.

तळाचा ई मात्र आता १५ खाली गेलाय. त्याचं काय करू? मधला सांधा आत ढकलायला जागाच नाही.

प्रतिसाद २

काही करू नका. तळाचे ई आणि एफ बहुतेक बी फ्लॅट क्लॅरिनेटवर खालीच असतात. ते वर आणायचे तर ब्रेकच्या वरचे त्यांचे जोडीदार, बी आणि सी, बिघडतात, म्हणून बनवणारेही तिथे तडजोड करतात. फक्त बेल (तळाचा कर्ण्यासारखा भाग) पूर्ण आत बसली आहे ना तेवढं बघा, आणि तळाचा ई लांब धरायचा असेल तेव्हा तिथे आवाज वाढवू नका, वाढवला की अजून उतरतो. चढत्या क्रमात घाईने येऊन गेला तर कुणाला कळतही नाही.